पेवातली ओल

किसनरावाला खोटं बोलता येत नसे आणि याचा त्याला फार अभिमान होता. ज्याला खोटं बोलता येत नाही त्यानं ते बोलायला जाऊ नये, एवढं साधं शहाणपण मात्र त्याच्याजवळ नव्हतं.

देवळी गावात बाजारामागच्या आळीत त्याचं पाटलाचं घर होतं. पुढे मोठं अंगण, अंगणाच्या कडेला गुरांचा गोठा, आणि पलीकडे थोरल्या भावाचं, अण्णाजीचं घर. घरं वेगळी, अंगण एकच. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर किसनरावानं गुरं शेतावर हलवली, गोठ्याचं छप्पर उंच केलं आणि तिथे मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज काढायचं ठरवलं. कापसाच्या जिनवाल्यांच्या ट्रका होत्या, वर्ध्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारी होत्या, खेड्यांतल्या मालगुजार जमीनदारांच्या जुन्या फोर्ड होत्या. काही बिघडलं की सगळ्यांना वर्धा नाहीतर पुलगाव गाठावं लागे. किसनरावाला हे काम येत होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं प्रेमदासला येत होतं, आणि ते निम्मं जरा मोठं होतं.

दोघं लढाईच्या दिवसांत एकाच वेळी फौजेत भरती झाले होते. आसामात एकाच वर्कशॉपात त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या, एकाच ओळीत बसून जेवले. किसनला हिवताप झाला तेव्हा प्रेमदासनं त्याला आपल्या हातानं पेज पाजली होती. देवळीत प्रेमदासच्या हातचं पाणीसुद्धा किसनच्या घरात चाललं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. लढाई संपल्यावर किसनराव शेतीवर आला आणि प्रेमदास पुलगावच्या फौजी डेपोत लागला. छप्पन साली प्रेमदासच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा किसनरावानं त्याला मुद्दाम गाठून सांगितलं, की फार चांगलं केलं. तो मनापासून बोलला होता. खादी घालणारा, सायकल मारत सेवाग्रामला जाऊन भाषणं ऐकून येणारा माणूस तो. जुन्या चालीरीतींबद्दल तो तावातावानं बोले, आणि ज्या चाली त्याच्या अंगणाबाहेरच्या असत त्यांच्याबद्दल जरा जास्तच तावानं.

गॅरेजसाठी प्रेमदासनं डेपोची नोकरी सोडावी म्हणून किसनराव त्याच्या अगदी मागे लागला. “बरोबरीचा वाटा,” तो म्हणाला. “मालक-नोकर काई नाई. आसामात होतो तसे राहू.”

प्रेमदासच्या बापाला, रामाजीला, हे मुळीच पसंत नव्हतं. सरकारी नोकरी सोडून पाटलाच्या अंगणात कोण जातो, असं त्याचं म्हणणं. बायको कमलाबाईही गप्प गप्प झाली. प्रेमदासनं बरेच दिवस घेतले आणि मग तो हो म्हणाला. अट एकच घातली.

“खड्डा पाह्यजे. टांगल्या गाडीखाली मी जात नाई. तुले माईत हाये.”

किसनरावाला माहीत होतं. आसामात साखळीला टांगलेली लॉरी सुटून खाली झोपलेल्या एका मद्रासी पोराच्या छातीवर आली होती, आणि त्या वेळी पोराच्या हातात पाना द्यायला प्रेमदासचा हात लॉरीखाली गेलेला होता. हात वाचला. पोरगा गेला. त्यानंतर प्रेमदास उचललेल्या गाडीखाली कधी शिरला नाही. डेपोतही त्यानं इंजिनाचंच काम मागून घेतलं होतं.

“खड्ड्यात मानूस खाली जाते,” तो म्हणाला, “गाडी जमिनीवरच राह्यते. वरून पडाले काई नसते.”

“खड्डा तर तयार हाये,” किसनराव म्हणाला. “आमचं पेव हाये ना.”

गोठ्याच्या मधोमध जमिनीखाली ज्वारी साठवायचं जुनं पेव होतं. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, माणूस आरामात उभा राहील इतकं खोल. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांची ज्वारी पोत्यांत राहू लागली होती आणि पेवाच्या तोंडावर नुसता सपाट दगडी पाथर पडलेला होता. तोंड फोडून लांबट करायचं, बाजूंनी विटा बांधायच्या, की गाडीखाली उभं राहून काम करायला झकास जागा. दोघांनी मिळून पाथर सरकवला. आतली हवा चांगली आहे का ते बघायला प्रेमदासनं रीतीप्रमाणे दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत न फडफडता जळत राहिली. तो पालथा पडून आत बघत होता आणि बघता बघता त्याचा चेहरा मोकळा झाला.

“झकास हाये,” तो म्हणाला. “उद्या टिकास घेऊन येतो.”

त्या आठवड्यात डेपोची नोकरी सोडून तो मोकळाही झालेला होता. त्याची जागा तिकडे लगेच भरली गेली.

संध्याकाळी अण्णाजी अंगण ओलांडून आले. बाप लवकर गेल्यामुळे किसनरावाला त्यांनीच वाढवलं होतं. ते ओरडत नसत. ओरडले असते तर किसनरावाला भांडता आलं असतं.

“पेव फोडून राह्यला म्हने?”

“हो दादा. रिकामंच पडलं हाये. खड्डा होते गाडीसाठी.”

“त्यात उतरनार कोन?”

“प्रेमदास.”

अण्णाजींनी बाजूला सरकवलेल्या पाथराकडे पाहिलं. “आपल्या आजानं त्यात लक्ष्मी ठेवली. आपल्या तीन-चार पिढ्यायनं त्यातलं खाल्लं. उघडताना नारळ फोडत होतो आपन. अंगनात तो येते, बसते, मी काई म्हनत नाई. पन पेवात त्याले उतरवजो नको.”

“दादा, आता तसं काई राह्यलं नाई. त्यायनं धर्म बदलला.”

“त्यायनं बदलला. आपन कुठी बदलला?” अण्णाजी म्हणाले. “पेव दोघाचं हाये. मी जित्ता हाये तोवर नाई. मंग काय करायचं ते कर.”

आणि ते गेले. बोलायला किसनरावाजवळ पुष्कळ होतं. सेवाग्रामला ऐकलेलं होतं, आसामातलं होतं, पेजेची आठवण होती. यातलं काहीच वर आलं नाही. तो म्हणाला, “बरं, दादा,” आणि तेही अण्णाजी ऐकण्याच्या अंतरावरून निघून गेल्यावर.

विमलाबाईनं दारातून ऐकलं होतं. “तुमी काई बोलले नाई?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“थोरल्या भावासमोर काय बोलू?”

“त्यायले घरातल्या कपात चहा देता तुमी. मी कवा अडवलं का? मले वाटलं, तुमाले खरंच काई वाटत नाई.”

“चहा अलग गोष्ट हाये,” किसनराव म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी प्रेमदास खांद्यावर खणायचं टिकास टाकून आला. किसनराव अंगणात त्याची वाट बघत उभा होता. काय सांगायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

“पेव नाई जमत, प्रेमदास,” तो म्हणाला. “त्याले ओल येते.”

आता याला काय म्हणावं. माणसाला थाप मारायचीच होती, तर काही कमी नव्हत्या. भिंती ढासळतील म्हणायचं, ट्रकचं वजन झेपणार नाही म्हणायचं, काहीही चाललं असतं. नेमकी एक थाप चालणार नव्हती, ती यानं मारली. पेव कुठे खणतात हे इकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. शेताच्या काळ्या मातीत पेव खणत नाहीत, गावठाणाच्या पांढऱ्या, घट्ट मातीत खणतात, आणि तेही जिथे थेंबभर पाणी झिरपत नाही अशी जागा पारखून. ज्या पेवाला ओल येते त्यातली ज्वारी पहिल्याच वर्षी सडते आणि ते बुजवून टाकतात. याच्या घराण्यानं त्याच पेवातलं पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेलं होतं. आणि कालच त्या दोघांनी आत कंदील सोडून बघितलं होतं.

प्रेमदासनं त्याच्याकडे पाहिलं. मग पाथराकडे पाहिलं. तो पाथर किसनरावानं पहाटेच उठून पुन्हा पेवाच्या तोंडावर ढकलला होता. मग प्रेमदासनं अंगणापलीकडे अण्णाजीच्या ओट्याकडे पाहिलं आणि खांद्यावरचं टिकास खाली उतरवलं.

“बरं,” तो म्हणाला.

तो चिडला असता, हसला असता, निदान ‘अरे काल तर कोरडं होतं’ असं म्हणाला असता, तरी किसनरावाचा जीव भांड्यात पडला असता. त्या एका ‘बरं’वरून त्याला कळलं, की याला कळलं.

अंगणात दुसरीकडे खड्डा खणता आला नसता का? आला असता. जागा भरपूर होती. पण ज्या अंगणात पेवाला ओल येते, त्याच अंगणात चार पावलांवर कोरडा खड्डा कसा निघायचा? खड्डा कोरडा निघाला की थाप उघडी पडायची. स्वतःच्या थापेपायी किसनरावानं आख्ख्या अंगणाला ओल लावून ठेवली. विटांचे दोन चढ बांधून त्यावर गाडी चढवावी असं प्रेमदासनं सुचवून पाहिलं, पण ट्रकला वर चढायला लागते तेवढी लांबी गोठ्यात नव्हती. राहता राहिला गाडी वर उचलायचा लिफ्ट.

“नागपूरले भेटते लिफ्ट,” किसनराव घाईघाईनं म्हणाला. “तूच निवडजो. तुले जो मजबूत वाटन तोच आनू. दुसरा पाह्यचाच नाई.”

“पाहू,” प्रेमदास म्हणाला.

दोघं नागपूरला गेले. जुन्या फौजी सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे मागच्या मोकळ्या जागेत हरतऱ्हेचे उचलायचे प्रकार ठेवलेले होते. झाडाच्या फांदीला किंवा गर्डरला अडकवून साखळीनं गाडी उचलायची चेनकुप्पी होती, तेलावर चालणारे बुटके जॅक होते, आणि दोन लोखंडी खांबांचे, हातानं फिरवायचे लिफ्ट होते. चेनकुप्पी दिसताच प्रेमदासनं तोंड फिरवलं आणि व्यापाऱ्यानंही ती पुढे केली नाही. खांबांच्या लिफ्टांत एक हलका होता, एका हातानं फिरायचा, दिसायला रंगीत आणि चकचकीत. दुसरा जड आणि ओबडधोबड. त्याचं हँडल फिरवायला दम लागे, पण त्याच्या चाकाला जाड दात होते आणि दातात अडकणारा खटका हाताच्या मनगटाएवढा होता. एकदा खटका बसला की पुढचा माणूस हँडल सोडून जेवायला गेला तरी गाडी हलायची नाही, असं व्यापारी म्हणाला.

प्रेमदासनं त्या जड लिफ्टवर रिकामी ट्रकची चेसिस चढवून घेतली. खटका लावून घेतला. मग तो आडव्या लोखंडाला दोन्ही हातांनी लोंबकळला, पाय उचलून धरले, आणि तसाच राहिला. व्यापारी हसत होता. किसनराव हसला नाही. त्याला प्रेमदासच्या मानेवरचा घाम दिसत होता, आणि थंडीचे दिवस होते.

“हाच,” खाली उतरून प्रेमदास म्हणाला. “पन हँडलवर तूच राह्यजो. दुसरं कोनी नाई.”

“मीच राह्यतो,” किसनराव म्हणाला. त्यानं हे वचनासारखं म्हटलं आणि त्याला जरा बरं वाटलं. अपराधी माणसाला असं मधूनमधून बरं वाटण्याची सोय लागते.

लिफ्ट बैलगाडीतून अंगणात आला आणि पेवापासून जरा बाजूला, सिमेंटात खांब रोवून उभा राहिला. गॅरेज सुरू झालं आणि चालूही लागलं. पाटी रंगवायला आली तेव्हा किसनरावानं पेंटरला सांगून प्रेमदासचं नाव आधी आणि स्वतःचं मागून घालायला लावलं. प्रेमदास म्हणाला, कायले. किसनराव म्हणाला, असू दे. त्यानं प्रेमदाससाठी नवा खाकी डगला शिवून आणला. चहा आला की पहिला कप त्याच्या हातात द्यायचा. दुपारी त्याला सावलीतली जागा द्यायची आणि आपण उन्हात बसायचं. प्रेमदासला या सगळ्याचा संकोच होई. एक दिवस विमलाबाई चहाचे कप उचलताना नवऱ्याला म्हणाली, “लय माया करून राह्यले त्यायची. इतकी कोनी उगीच करत नाई.”

त्यानं आपला रिकामा कप तिच्या हातात दिला.

खरं म्हणजे तो रोज पाहत होता. गाडी वर चढली की प्रेमदास आधी एका खांबाला हात लावी, मग दुसऱ्या खांबाला. मग विचारी, “खटका बसला?”

“बसला.”

तेवढं ऐकून तो खाली शिरे. स्वतः वाकून खटका बघत नसे. हँडलशी किसन आहे आणि त्यानं बसला म्हटलं आहे, एवढ्यावर तो जात होता. खाली गेला की त्याचं बोलणं बंद होई. बाहेर आला की पाठीवरचा डगला भिजलेला असे. मग तो पाणी पीत बसे आणि पान्यावरचं तेल पुसत राही. आपण याला कुठे नेऊन घातलं आहे हे किसनरावाला स्वच्छ दिसत होतं. मोकळी मातीची जागा, कोरडी, शाबूत, तिथून अवघ्या चार पावलांवर पाथराखाली पडून होती. एक शब्द अण्णाजीला, किंवा एक शब्द प्रेमदासला. दोन्हीपैकी एकही त्याच्या तोंडून निघेना. कित्येकदा तो हँडलशी उभा राहून मनात वाक्य जुळवी आणि प्रेमदास बाहेर येताच विचारी, “चहा सांगू?”

होळीच्या सुमाराला रोहण्याच्या एका मालगुजाराची जुनी फोर्ड आली. पुढच्या चाकांमधला धुरा वाकला होता. दुपारची वेळ, आळीत सामसूम. किसनरावानं गाडी वर घेतली. हँडलच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या तेवढ्यात अण्णाजी अंगण ओलांडून आले. हातात पेव झाडायला घेतलेला केरसुणीचा बुडखा होता. ते खुशीत होते.

“किसना,” ते म्हणाले, “औंदा ज्वारी लय झाली. पोते ठेवाले जागा नाई. मी म्हनतो, पेवच भरून टाकू.”

पेव भरलं की ओलीची थाप उघडी पडणार होती. प्रेमदास खांबाला हात लावत होता. एक खांब झाला, दुसरा झाला.

“खटका बसला?” प्रेमदासनं विचारलं.

“बसला,” किसनराव म्हणाला. त्याचे डोळे अण्णाजीकडे होते. तो खटक्याकडे पाहतच नव्हता. पाहण्याइतकं त्याचं चित्तच जागेवर नव्हतं. प्रेमदास पाठीवर झोपला आणि पायांनी रेटत गाडीखाली गेला.

“सकाळी पाथर सरकवून पाह्यलं मी,” अण्णाजी सांगत होते. “ठनठनीत. ओलीचं नाव नाई. इतके वर्स झाले, पन काय कोरडं राह्यलं हाये पेव.”

ते मोठ्यानं बोलले होते. गाडीखाली ऐकू न जाण्याचं कारण नव्हतं. किसनरावाला फक्त एवढंच वाटलं, की दादानं बोलणं थांबवावं, आणि त्यानं त्यांना गप्प करायला हात वर केला. तो हात हँडलवरचा होता.

हँडल सुटून उलटं फिरलं. लोखंड ओरडलं. फोर्ड हातभर खाली आली आणि पुढच्या दातात खटका कसाबसा अडकून ती तशीच लटकत राहिली. गाडीखालून फक्त प्रेमदासच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

किसनरावानं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जणू आता धरून उपयोग होता. मग चपला हलल्या. एक टाच जमिनीत रुतली, दुसरी रुतली, आणि प्रेमदास सरकत सरकत बाहेर आला. धुऱ्याची कड त्याच्या कपाळाला घासून गेली होती. रक्त भुवईवर येत होतं. तो उभा राहिला नाही. सरकत भिंतीशी जाऊन टेकून बसला.

“लागलं का रे?” अण्णाजींनी विचारलं. “पाहून करत जा,” असं म्हणून त्यांनी काढता पाय घेतला.

किसनरावानं खटका खाली दाबून नीट बसवला. धावत जाऊन घरातून पाणी आणि फडकं आणलं. प्रेमदासनं फडकं घेतलं आणि स्वतःच कपाळाला दाबून धरलं.

“पाह्यलं नाई मी,” किसनराव म्हणाला. “खटका. न पाहताच बसला म्हटलं.”

“हूं.”

“दादा बोलून राह्यले होते.”

“आयकलं मी.”

आता बोललं नाही तर आपण माणसातून उठलो, असं किसनरावाला वाटलं. छातीवर इतके महिने बसलेलं ते एकदाचं उतरावं, दुसरं त्याला काही नको होतं. तो प्रेमदाससमोर मातीत बसला.

“पेवाले ओल येत नाई, प्रेमदास.”

“माईत हाये.”

“तुले त्यात उतरवू नको म्हने दादा. म्हनून मी खोटं बोललो.”

“तेबी माईत हाये.”

“तवाच?”

“तवाच. ओलीचं पेव कोनी ठेवते का?” प्रेमदासनं फडक्याची घडी बदलली. “लहानपनापासून पाहून राह्यलो. मले नवं काय हाये त्यात?”

“मंग तू काऊन नाई बोलला? निघून काऊन नाई गेला? टांगल्या गाडीखाली जात राह्यला रोज.”

प्रेमदास गाडीकडे बघत होता. “घरी बाप इचारे,” तो सावकाश म्हणाला, “कसा हाये पाटील? कमलाबाई इचारे, खड्डा कुठी हाये? मी म्हनो, किसन चांगला हाये, त्याचा भाऊ तसा हाये. किसनले लाज वाटते म्हनून तो खोटं बोलला. ज्याले लाज वाटते त्याच्यासंगं मानूस राहू शकते. तू कधीतरी भावाले बोलशीन, असं मले वाटे. त्यासाठी मी जात होतो गाडीखाली.”

किसनरावाला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. “उद्याच पेव फोडतो,” तो म्हणाला. “ज्वारी भराच्या आंदी. पह्यलं टिकास मीच मारतो.”

“अन् अण्णाजी आले तं?”

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं, आणि ते किसनरावाला येतही होतं. त्यानं तोंड उघडलं. पण उत्तर देण्याआधी त्याची मान वळली आणि त्यानं अंगणापलीकडे त्या ओट्याकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं. तिकडे कोणी नव्हतंही. एवढासा वेळ गेला, फार नाही.

“मी सांगीन त्यायले,” तो म्हणाला.

प्रेमदासनं त्याच्या वळलेल्या मानेकडे पाहिलं होतं. त्यानं कपाळावरचं फडकं काढून रक्त थांबलं का ते बघितलं, मग भिंतीला धरून उठला. आपले पाने एकेक करून पुसले आणि आपल्या पेटीत ठेवले. किसनरावाचे होते ते बाजूला काढून ठेवले. खाकी डगला काढला, त्याची नीट घडी घातली आणि बाकावर ठेवली.

“प्रेमदास, आता तं खरं सांगतलं मी तुले,” किसनराव म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, आणि ती त्याला स्वतःलाही ऐकू आली.

“हो. सांगतलं. तुले हलकं वाटलं असन.” प्रेमदासच्या बोलण्यात राग नव्हता. “पन आता बापानं इचारलं तं मी काय सांगू? तू सांगतलं नव्हतं तोवर मले सांगाले काई तरी होतं. आता सांगूनबी तुयी मान त्या ओट्याकडंच वळली.”

त्यानं पेटी उचलली. दाराशी थांबून तो मागे वळला, तेव्हा किसनरावाला क्षणभर आशा वाटली.

“गाडी खाली घेऊन घेजो,” तो म्हणाला. “टांगती ठेवू नको.”

तो आळीतून वळून दिसेनासा झाला. ओट्यावर अण्णाजी येऊन बसले होते आणि सुपात ज्वारी घेऊन पाखडत होते. विमलाबाई चहाचे दोन कप घेऊन दारात आली, तिनं गॅरेजात एकच माणूस पाहिला आणि ती तशीच उभी राहिली. किसनरावानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो लिफ्टपाशी गेला, एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं खटक्यावर बोट ठेवलं. गाडी खाली घ्यायच्या आधी खाली कोणी आहे का, हे विचारायची आता गरज नव्हती. तरी त्यानं वाकून बघितलं, आणि मग गाडी खाली घेतली.